गिरणीची नोकरी आणि हातातली लेखणी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या प्रबोधन कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



महाकारुणिक तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही आमचे विचार मांडतो.

समितीच्या मंडळींनी आम्हाला विषय दिला आहे, 'नोकरी सांभाळून कादंबरीकार कसे झालात?' विषय ऐकला आणि पहिल्यांदा आम्हालाच हसू आलं. कादंबरीकार हा फार मोठा शब्द आहे. आमची एकच कादंबरी छापून आली आहे. आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर म्हणून उभे राहणारी माणसं. शिक्षण नववीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते ह्याच विहाराच्या वाचनालयात, लाकडी बाकावर बसून. तेव्हा मोठेपणाचं काही सांगण्यासारखं नाही. पण ह्या वस्तीत लिहिणारी पोरं-पोरी आहेत हे आम्हाला माहीत आहे. कुणाच्या वहीत कविता आहेत, कुणी आपल्या आजीची हकीगत लिहून ठेवली आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आम्ही आज बोलणार आहोत.

सुरुवात आमच्या एका सोबत्यापासून करतो. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण त्याच्या घरच्यांना दोष द्यायचा नाही. आमच्याच खात्यात होता. १९७२ च्या दुष्काळात तो दहा-बारा वर्षांचा पोर होता. आईबरोबर खडी फोडायला जायचा. त्या दुष्काळावर तो कादंबरी लिहीत होता. सात वह्या भरल्या होत्या. रातपाळीला चहाच्या सुट्टीत तो आम्हाला त्यातली पानं वाचून दाखवी. कामावर वाटलेली सुकडी त्याची आई स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून आणायची, ते पान त्याने वाचलं तेव्हा आमच्या हातातला चहा गार झाला होता. आम्ही त्याला म्हणायचो, "भाऊ, आता हे नीट लिहून काढ आणि छापायला दे." तो म्हणायचा, "रिटायर झाल्यावर निवांत बसून लिहून काढतो की! आता वेळ कुठाय?"

रिटायर व्हायला चार महिने राहिले आणि तो गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही त्याच्या सुनेला विचारलं, "पोरी, त्यांच्या वह्या होत्या, त्या कुठं आहेत?" ती बिचारी सरळपणाने म्हणाली, "काका, त्या जुन्या वह्या होय? घर आवरताना रद्दीत गेल्या." आम्ही तसेच रद्दीवाल्याकडे गेलो. माल आदल्याच दिवशी गाडीत भरून गेला होता. एका माणसाचं आयुष्य आणि एका आईचा दुष्काळ कागदाच्या कारखान्यात लगदा व्हायला निघून गेला.

त्या सुनेची चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ह्या वह्या म्हणजे काय आहेत. चूक त्याची, की त्याने लिहिणं रिटायरमेंटवर ढकललं. आणि चूक आमची, की ते ऐकून आम्ही नुसती मान डोलावली. त्या रात्री घरी येऊन आम्ही आमची अर्धवट पडलेली वही बाहेर काढली. म्हणजे आमच्या कादंबरीचं खरं कारण तो सोबती आहे. ती सुकडीची गाठ बांधणारी आई मात्र आम्ही आमच्या पुस्तकात घेतली नाही. ती त्याची होती. 'अदिन्नादाना' हे शील लेखणीलाही लागू आहे असं आम्ही समजतो.

मित्रहो, आपल्याला वाटतं की लेखक म्हणजे टेबल-खुर्ची, शांत खोली आणि भरपूर वेळ असलेला माणूस. आपल्या समाजाचा इतिहास बघा, तो काय सांगतो? साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. शाळा दीड दिवसाची. मुंबईत येऊन मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं, गिरणीतही काम केलं. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. बाबुराव बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. १९६८ पर्यंत पोटासाठी कामं करत होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' हे त्यांचं पुस्तक १९६३ चं. म्हणजे ज्या पुस्तकाने मराठी साहित्याला हादरा दिला, ते कामावर जाणाऱ्या माणसाने लिहिलेलं आहे.

आता माता-भगिनींसाठी सांगतो. फलटणच्या बेबीताई कांबळे घरचं किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीच्या कागदावरचं त्या वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. तेच पुढे 'जिणं आमचं' म्हणून १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नाही, पण धडा तोच. तिकडे बंगालमध्ये मनोरंजन ब्यापारी नावाचे दलित लेखक आहेत. अक्षरं शिकले तुरुंगात. कोलकात्यात सायकलरिक्षा ओढताना त्यांनी एका बाईंना एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला. त्या बाई म्हणजे लेखिका महाश्वेतादेवी निघाल्या आणि त्यांनीच ह्यांना लिहितं केलं. पुढे शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी म्हणून राबत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ साली ते आमदार म्हणून निवडून आले. ह्यातल्या एकालाही कुणी वेळ काढून ताटात वाढला नव्हता.

मग वेळ आणायचा कुठून? आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या साच्यावर हँक मीटर असतो. पाळी संपली की त्याच्यावरचा आकडा बघून उत्पादन लिहून घेतात. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तसाच आकडा लिहायला लागलो. तारीख, आणि त्या दिवशी किती शब्द झाले. दिवसाला दीडशे शब्द धरले. दीडशे शब्द म्हणजे वहीचं एक पानसुद्धा होत नाही. पण वर्षाचे अडीचशे दिवस जरी जमलं, तरी साडेसदतीस हजार शब्द होतात. दोन वर्षांत पंच्याहत्तर हजार. अडीचशे पानांची कादंबरी झाली की हो! आम्हाला मात्र दोन वर्षांत जमलं नाही, पाच वर्षं लागली. कधी आजारपण, कधी युनियनचं काम, कधी भावाच्या पोरीचं लग्न. पण शेवटच्या पानावरचा आकडा पुढेच जात होता, मागे येत नव्हता.

आमची पाळी आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की संध्याकाळी विहारात दीड तास. दुसरी पाळी असली की पहाटे, घरातली उठायच्या आत. तिसरी पाळी असली की लिहायचं नाही, फक्त आधीचं वाचायचं. रातपाळीच्या झोपेवर घाला घातला तर साच्यात हात जाईल. मशीन कादंबरीला ओळखत नाही. कामाच्या वेळात आम्ही लिहिलं नाही. मालकाचा वेळ चोरून परिवर्तनाचं पुस्तक लिहायचं, हे आम्हाला पटलं नाही. पण डोकं तर आपलंच असतं ना? हात धागे सांधत असतात आणि डोक्यात पुढचं वाक्य जुळत असतं. विसरू नये म्हणून सुट्टीत कोनाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन शब्द टिपून खिशात टाकायचे. आमच्या पत्नीने धुण्याच्या वेळी असे कितीतरी तुकडे खिशातून काढून उशाखाली जपून ठेवले. आमच्या कादंबरीतला तिचा वाटा कव्हरवर छापलेला नाही, म्हणून इथं जाहीरपणे सांगतो.

नोकरी ही लिहिण्याची शत्रू आहे असं पुष्कळ जण म्हणतात. आम्हाला तसा अनुभव नाही. आमच्या कादंबरीत जो जॉबर आहे, बदली कामगार आहे, कापसाच्या धुळीने खोकणारा म्हातारा आहे, ते आम्हाला गिरणीने दिले. दुसरं म्हणजे नोकरीने घरात दाणा येत होता, म्हणून कुणाच्या दारात लाचार होऊन लिहावं लागलं नाही. भगवंतांनी सम्यक आजीविका सांगितली आहे आणि सम्यक व्यायामही सांगितला आहे. पोटाचा धंदा स्वच्छ ठेवायचा आणि प्रयत्न रोज करायचा, दोन्ही एकाच मार्गावर आहेत. तरुणांनो, पुस्तक लिहायचं म्हणून नोकरी सोडू नका. अण्णाभाऊंसारखा लेखक, ज्यांनी रशियाचा प्रवास केला, त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि १८ जुलै १९६९ रोजी वयाची ४९ वर्षं पूर्ण होण्याआधीच ते गेले. हे विसरू नका.

आता लिहून झाल्यावरचं सांगतो. हस्तलिखित आमच्या पुतणीने मोबाईलवर मराठीत टाइप केलं. करता करता एक दिवस ती म्हणाली, "काका, हे तर मागच्या गल्लीतल्या मावशींचं घर आहे." आमच्या पोटात धस्स झालं. आम्ही नाव बदललं होतं, पण वस्तीला नावाची गरज नसते. आम्ही कागद घेऊन मावशींकडे गेलो आणि ते सगळं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. नवऱ्याची दारू, रात्रीची मारहाण, सगळं. मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्यावर गुदरलं ते राहू दे. खरंच आहे ते. पण माझ्या लेकीचं तेवढं काढ बाबा, तिला अजून संसार करायचाय." आम्ही ती दोन पानं काढली. कुणी म्हणेल लेखकाने तडजोड केली. म्हणू दे. ज्यांच्या दुःखावर आपण लिहितो, त्यांना उद्या पाण्याच्या नळावर मान खाली घालावी लागली तर ते परिवर्तनाचं साहित्य कसलं?

छापण्याच्या बाबतीत आम्ही एकदा ठेच खाल्ली आहे, ती तुम्ही खाऊ नये. कादंबरीच्या आधी आमच्या कवितांचं एक छोटं पुस्तक निघालं. एकाने गोड बोलून अठरा हजार रुपये घेतले. आम्ही पतपेढीचं कर्ज काढलं. लेखी काही नाही, पावती नाही. दोनशे प्रती रिक्षात घालून घरी आणून टाकल्या आणि त्यानंतर तो फोन उचलेना. त्या प्रती किती तरी वर्षं आमच्या पलंगाखाली होत्या. पावसाळ्यात ओल आली तेव्हा निम्म्या गेल्या.

म्हणून कादंबरीच्या वेळी आम्ही आधी कायदा वाचला. युनियनच्या कामात करार वाचायची सवय होतीच, ती इथं उपयोगी पडली. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की लिहिलेल्या मजकुराचा हक्क मुळात लेखकाचा. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, वारसांकडे जातो. लेखकाची सही असलेला लेखी करार झाल्याशिवाय तो हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. तेव्हा सही करण्याआधी चार गोष्टी बघा: किती प्रती छापणार, मानधन किती टक्के, मुदत किती, आणि पुढच्या आवृत्तीचं काय. आणि एकुलतं एक हस्तलिखित कधीही कुणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.

आमच्या सोबत्याच्या वह्यांचा हक्कही कायद्याने साठ वर्षं त्याच्या मुलांकडे राहिला असता. पण वह्याच राहिल्या नाहीत.

पहिलं पुस्तक असेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, जे १९६० साली स्थापन झालं, ते नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना राबवत आलं आहे. जाहिरात आली की अटी नीट वाचून अर्ज करावा. सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत असलेल्यांनी आपल्या खात्याचे वर्तणुकीचे नियमही आधी वाचून घ्यावेत, म्हणजे पुढे कटकट नको.

आमचं हस्तलिखित तीन ठिकाणांहून परत आलं. चौथ्या ठिकाणी एका लहान प्रकाशनाने घेतलं. पाचशे प्रती, किंमत अडीचशे, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तेव्हा आमच्या हातात साडेबारा हजार रुपये आले, तेही अडीच वर्षांत मिळून. पाच वर्षांच्या मेहनतीचे साडेबारा हजार! त्यापेक्षा ओव्हरटाइम केला असता तर टीव्ही बदलून झाला असता. हसू नका, घरात हा हिशेब झाला आहे. पण एक दिवस वाइंडिंग खात्यातली एक बाई, जिने शाळा सोडल्यापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं, ती गेटवर थांबून म्हणाली, "दादा, तुमच्या पुस्तकातली ती रखमा माझ्यासारखीच आहे. तिचं पुढं काय झालं?" आम्हाला पगारवाढीच्या दिवशी इतका आनंद झाला नव्हता.

पुस्तक परत आलं, नकार आला, म्हणून खचू नका. आपल्या सर्वांचा बाप, ज्यांच्या लेखणीला जगात तोड नाही, त्यांनाही हे चुकलं नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ मधुमेहाने आणि पायदुखीने शरीर पोखरलेलं असताना लिहिला. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी तेव्हाचे पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं, की छपाईचा खर्च मोठा आहे, सरकारने ग्रंथालयांसाठी पाचशे प्रती घ्याव्यात. तसं करता येणार नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. ५ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा त्यांनी ह्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद आपल्या टेबलावर मागवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण झालं. ग्रंथ छापून आला १९५७ साली. बाबासाहेबांनी तो छापलेला पाहिला नाही. पण हस्तलिखित पूर्ण होतं आणि ते सांभाळणारी माणसं होती, म्हणून आज हा ग्रंथ आपल्या घराघरात आहे. त्यांनीही निवांतपणाची वाट बघितली असती तर?

बंधू-भगिनींनो, आता शेवटचं, आणि हे घरच्या माणसांसाठी आहे. तुमच्या घरात कुणी वहीत काही खरडत असेल तर त्याला 'रिकामटेकडे उद्योग' म्हणू नका. संध्याकाळी अर्धा तास टीव्हीचा आवाज कमी करा. सुनेला, मुलाला, नातवाला सांगून ठेवा की ही वही रद्दीत द्यायची नाही. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

आणि विहार समितीला आमची एक विनंती आहे. विहारात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. त्यातला एक कप्पा कुलपाचा करावा. वस्तीत जो कुणी लिहितो, त्याने आपल्या वहीची झेरॉक्स आणून त्या कप्प्यात ठेवावी. एका रजिस्टरला नाव, तारीख आणि पानांची संख्या लिहावी. वाचायची परवानगी लेखकाने दिली तरच कुणी वाचावी. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर तासभर बसून ज्याला वाटेल त्याने आपलं लिखाण वाचून दाखवावं. कप्प्याच्या कुलपाचा आणि रजिस्टरचा खर्च आम्ही देतो. पहिली झेरॉक्सही आमचीच असेल, दुसऱ्या कादंबरीची. एकशे चाळीस पानं झाली आहेत.

रजिस्टरचं पहिलं पान मात्र आम्ही कोरं सोडायला सांगणार आहोत. ते आमच्या त्या सोबत्याच्या सात वह्यांसाठी.



जयभीम! नमो बुद्धाय!